पीसीचा फॅन उगाच का बोंबलतो? कॅबिनेट फॅनच्या आवाजाचं सगळं गणित, सोप्या भाषेत

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सगळं घर झोपलेलं, मी एक्सेलची एक फाइल उघडायला डबल क्लिक केलं आणि टेबलाखालून भुर्रर्रर्र. चार-पाच सेकंद चाललं, मग गप्प. ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडला, परत भुर्रर्र. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "का रे, टाकीची मोटर चालूच राहिली का?"

मोटर नव्हती, नवाकोरा पीसी होता. पुढे काच, आत रंगीत दिव्यांचे फॅन, दिसायला एकदम लग्नाचा मांडव. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, पॉवरफुल मशीन आहे, आवाज तर येणारच." हे वाक्य मी खरं मानलं आणि पुढचे दोन महिने कानात हेडफोन घालून काम केलं. नंतर कळलं की एक रुपयाही खर्च न करता, फक्त दोन सेटिंग बदलून हा प्रकार थांबतो, म्हणून हा लेख.

हल्ली ओळखीतले निम्मे लोक हेच विचारतात, आणि त्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: फॅन बदला, महागातला घ्या. माझं मत वेगळं आहे. असेंबल्ड पीसीमध्ये बहुतेक वेळा फॅन वाईट नसतो, त्याला मिळणारा हुकूम वाईट असतो. आणि आपल्याला खरा त्रास आवाजाचा कमी आणि आवाज सारखा वर-खाली होण्याचा जास्त होतो. छताचा पंखा रात्रभर घरघरतो तरी आपण त्याच्याखाली ढाराढूर झोपतोच ना, तोच जर दर अर्ध्या मिनिटाला पाचावर जाऊन परत एकवर आला असता तर कोणी झोपलं असतं का?

## आधी शब्दांचा घोळ मिटवू

आपल्याकडे सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. या लेखात डबा म्हणजे कॅबिनेट, आणि सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर (सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मोठा सर्किट बोर्ड) बसलेली ती नखाएवढी चिप जी खरं काम करते. तिच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्यांचा कूलर आणि त्याचा स्वतःचा फॅन असतो, तो वेगळा. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे फॅन वेगळे, पॉवर सप्लायच्या पोटात अजून एक. आपण बोलतोय ते कॅबिनेटला पुढे-मागे-वर स्क्रूने लावलेल्या फॅनबद्दल, जे बहुतेक १२० किंवा १४० मिलिमीटरचे असतात. त्यांचं काम एकच: बाहेरची हवा आत घ्यायची आणि आतली गरम हवा बाहेर फेकायची. चिप थंड करणं हे त्यांचं थेट काम नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे सगळा खेळ हिच्यावरच आहे.

आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे. बास, एवढं पुरे.

## स्पीड अर्धा केला तर आवाज किती कमी होतो?

इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. फॅनचा स्पीड अर्धा केला की हवाही साधारण अर्धी होते, पण आवाज त्या हिशोबाने उतरत नाही, धाडकन कोसळतो. पंख्यांच्या इंजिनिअरिंगमध्ये यासाठी ठोकताळा आहे, त्याप्रमाणे स्पीड अर्धा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो, आणि माणसाच्या कानाला १० डेसिबल कमी झाले की आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणजे १२०० वरून ६०० आरपीएमवर आलात तर हवा निम्मी राहिली पण आवाज कानाला जवळपास एक तृतीयांशच वाटणार.

आता याच्या उलट बघा. एकसारखे दोन फॅन एकत्र लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन पूर्ण स्पीडला पळवण्याऐवजी दोन फॅन निम्म्या स्पीडला चालवले तर हवा साधारण तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलने कमी. म्हणून "फॅन जास्त म्हणजे आवाज जास्त" हे अर्धसत्य आहे, जास्त फॅन पूर्ण स्पीडला सोडले तर आवाज जास्त. मोठा फॅन छोट्यापेक्षा शांत का, तेही यातच आलं, त्याला तेवढीच हवा ढकलायला कमी फेरे पुरतात. जुन्या ऑफिसच्या कॅबिनेटमधले ८० मिलिमीटरचे फॅन आठवतात का, डास कानाशी आल्यासारखे?

## तीन पिन, चार पिन आणि घरातला रेग्युलेटर

फॅनची वायर मदरबोर्डवर ज्या छोट्या खुंट्यांवर बसते त्याला हेडर म्हणतात. आता फॅनच्या वायरीच्या टोकाला बघा, तिथे तीन भोकं आहेत की चार. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

तीन पिनवाल्या फॅनमध्ये एक वायर ग्राउंडची (वीज परत जायची), एक १२ व्होल्टची आणि तिसरी फॅन किती फिरतोय ते मदरबोर्डला कळवणारी, एका फेऱ्याला दोन टिकटिक अशी. याचा स्पीड कमी करायचा तर व्होल्टेज कमी करायला लागतं, १२ च्या जागी ९ द्या, ७ द्या. म्हणजे अगदी आपल्या छताच्या जुन्या पंख्यासारखं, रेग्युलेटर फिरवला की पंख्याला मिळणारं व्होल्टेजच कमी.

चार पिनवाल्याचं तसं नाही. त्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या वायरीतून वेगळा निरोप जातो, "इतके टक्के फिर." हा निरोप म्हणजे सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल. त्यातला किती वेळ चालू, तेवढे टक्के. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. २००४-०५ च्या सुमारास इंटेलने चार वायरींच्या फॅनसाठी हे नियम ठरवून दिले आणि सगळे तेच पाळतात. २५ हजारच का, तर माणसाला साधारण २० हजारांपर्यंतच ऐकू येतं, त्याच्या वर गेलं की त्या चालू-बंदची शिट्टी कानाला लागत नाही. हे म्हणजे घरात आता येतात ते रिमोटवाले बीएलडीसी पंखे. त्यांना वीज पूर्ण मिळते, स्पीड रिमोटने ठरतो, आणि असा पंखा लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाका असं इलेक्ट्रिशियन सांगतो ते याचसाठी.

आता घोळ कसा होतो ते सांगतो. तीन पिनचा फॅन चार खुंट्यांच्या हेडरवर आरामात बसतो, खाचच तशी दिलेली असते. पण हेडर जर पीडब्ल्यूएम मोडमध्ये असेल तर मदरबोर्ड बिचारा चौथ्या खुंटीवरून ओरडत राहतो "तीस टक्के फिर, तीस टक्के फिर", आणि फॅनला ती वायरच नाही! त्याला फक्त १२ व्होल्ट दिसतात, तो शंभर टक्के पळत सुटतो. रिमोटचा पंखा समजून साध्या पंख्यापुढे रिमोट दाबत बसल्यासारखं आहे हे.

उपाय एका मिनिटाचा आहे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन त्या हेडरचा मोड पीडब्ल्यूएमचा डीसी करायचा. डीसी म्हणजे व्होल्टेजने कंट्रोल, रेग्युलेटरवाली पद्धत. ऑटो असा पर्याय असतो, पण तो दर वेळी बरोबर ओळखतोच असं नाही, मी तरी हाताने ठरवतो. माझ्या पीसीत मागचा एक फॅन याच कारणाने पहिल्या दिवसापासून पूर्ण स्पीडला होता, मोड बदलला आणि त्या क्षणी खोलीत एकदम असं शांत झालं की मला वाटलं लाइट गेली.

## फोडणी आणि स्वयंपाकघर

मोड बरोबर केला तरी भुर्रर्र-गप्प-भुर्रर्र चालूच राहू शकतं, ते दुसरं दुखणं. ते समजायला फॅन कर्व्ह म्हणजे काय ते कळायला हवं. कर्व्ह म्हणजे साधा तक्ता, अमुक टेंपरेचरला इतके टक्के स्पीड. ४० अंशाला ३० टक्के, ६० ला ५० टक्के, असे चार-पाच ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. मदरबोर्डवरची एक छोटी चिप सतत टेंपरेचर बघते आणि रेघेप्रमाणे फॅनला हुकूम देते.

आता प्रश्न असा, टेंपरेचर कोणाचं? बहुतेक बोर्डांवर कंपनीतून येतानाच कॅबिनेटच्या फॅनला सुद्धा सीपीयूचं टेंपरेचर लावून दिलेलं असतं. आणि आजकालचे सीपीयू असे आहेत की तुम्ही साधा टॅब उघडला तरी ते क्षणभर पूर्ण ताकदीने धावतात, तेवढ्यात त्या नखाएवढ्या चिपचं टेंपरेचर १०-१५ अंशांनी उसळतं आणि दोन सेकंदांत परत खाली. यात बिघाड काही नाही, त्यांची चालच तशी आहे.

हे फोडणीसारखं आहे बघा. तेलात मोहरी टाकली, तडतडली, जिरं-हिंग गेलं, एकदम धूर आणि ठसका, आणि पाणी ओतलं की सगळं शांत. पण तेवढ्याने स्वयंपाकघर तापत नाही. स्वयंपाकघर तापतं ते तासभर पोळ्या लाटल्यावर. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन कशासाठी असतो, त्या साचलेल्या गरमीसाठी. आता समजा कोणी तो एक्झॉस्ट कढईतल्या तेलाच्या टेंपरेचरला जोडला तर काय होईल, दर फोडणीला तो भसाभस सुटणार आणि लगेच थांबणार, आणि त्या पाच सेकंदांत त्याने स्वयंपाकघर एक अंशही थंड केलेलं नसणार. कॅबिनेटच्या फॅनचं आपण नेमकं हेच करून ठेवलंय. सीपीयूच्या उसळीवर त्याने पळून काहीच फायदा नाही, कारण ती उसळी कूलरच्या धातूत मुरून जाते, कॅबिनेटमधली हवा तापायला मिनिटं लागतात.

म्हणून कॅबिनेट फॅनने फोडणीकडे लक्ष द्यायचंच नाही, स्वयंपाकघराकडे द्यायचं.

## बायोसमध्ये नक्की काय करायचं

पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा, बायोस उघडेल. घाबरू नका, फॅनच्या पानावर काही बदललं तर विंडोज उडत नाही. प्रत्येक कंपनीने या पानाला वेगळं नाव दिलंय, असूसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर, एएसरॉकमध्ये फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग (हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला). आत गेलात की हेडरची यादी दिसेल. सीपीयू फॅन असं लिहिलेल्याला सध्या हात लावू नका, चेसिस किंवा सिस्टिम फॅन असं लिहिलेले आपले.

एकेका हेडरवर जाऊन आधी मोड बघा, तीन वायरी तर डीसी, चार वायरी तर पीडब्ल्यूएम. मग टेंपरेचरचा सोर्स बघा. तिथे सीपीयूच्या जागी मदरबोर्ड किंवा सिस्टिम असा पर्याय मिळाला तर तो घ्या, कारण बोर्डावरचा सेन्सर हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो, म्हणजे तो स्वयंपाकघराची गरमी सांगतो. फक्त त्याचे आकडे सीपीयूपेक्षा बरेच कमी असतात, म्हणून कर्व्हही खालून सुरू करायचा. माझा असा आहे: ३८ अंशापर्यंत ३५ टक्के, ४५ ला ५० टक्के, ५२ ला ७५ आणि ५८ ला १००. तुमचा बोर्ड वेगळा, सेन्सरची जागा वेगळी, तर आधी तासभर काम करून आकडा कुठे राहतो ते बघा आणि मग ठिपके ठेवा, माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

सोर्स बदलताच येत नसेल तर सीपीयूवरच ठेवून कर्व्ह असा करा की ६५ अंशापर्यंत रेघ एकदम आडवी, समजा ३५ टक्के, आणि मग ७५ ला ६०, ८५ ला १००. आडव्या भागात टेंपरेचर कितीही उड्या मारू दे, फॅनला त्याचं सोयरसुतक नाही. साध्या कामात उसळ्या त्या आडव्या भागातच संपतात.

याच पानावर अजून एक खुबी दडलेली असते, हुकूम बदलायच्या आधी किती थांबायचं ती. कुठे तिला स्टेप अप टाइम म्हणतात, कुठे स्मूदिंग. जेवढे सेकंद देता येतील तेवढे द्या. शिवाय काही बोर्डांवर दोन-तीन अंशांची ढिलाई देता येते, म्हणजे ५० ला वाढलेला फॅन ४९ झाल्या झाल्या कमी होत नाही, ४७ पर्यंत थांबतो. हे टाकीच्या ऑटो स्विचसारखं आहे. पाणी एक बादली कमी झालं की लगेच मोटर चालू, भरली की बंद, असं केलं तर मोटरही जाईल आणि शेजारीही भांडायला येतील, म्हणून खालची खूण वेगळी आणि वरची वेगळी ठेवतात.

सगळ्यात कमी किती टक्के ठेवायचे? हळूहळू उतरवत जा आणि आरपीएमचा आकडा बघत राहा. एका ठिकाणी फॅन थांबेल किंवा अडखळेल, त्याच्या थोडं वर राहा. तीन पिनच्या फॅनमध्ये एक खोड असते, फिरत असताना कमी व्होल्टेजवर तो फिरत राहतो पण थांबलेला असताना तेवढ्याच व्होल्टेजवर सुटत नाही, ढकलगाडीसारखा पहिला धक्का जास्त लागतो. म्हणून कर्व्ह लावून झाल्यावर पीसी पूर्ण बंद करून परत चालू करा आणि सगळे फॅन फिरतायत ना ते डोळ्याने बघा.

## गेम खेळताना काय, ग्राफिक्स कार्ड तर वेगळंच तापतं

बरोबर, आणि बायोसवाल्या पद्धतीतलं हे खरं भोक आहे. गेम किंवा व्हिडिओ रेंडर करताना कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त उष्णता ग्राफिक्स कार्ड ओततं, आणि साध्या बायोसला त्याचं टेंपरेचर दिसतच नाही. सीपीयू निवांत ५५ ला, कॅबिनेट फॅन निवांत ३५ टक्क्यांवर, आणि मधे ग्राफिक्स कार्ड आपलीच गरम हवा परत परत गिळत बसलेलं, त्याचे स्वतःचे फॅन ठणाणा करतायत. लोकांना वाटतं कार्डचा फॅन आवाज करतो, खरं तर कॅबिनेट फॅनने काम टाळलेलं असतं.

बोर्डाचा सेन्सर निवडला असेल तर थोडंफार निभावतं, कारण कार्ड तापलं की आतली हवा तापते आणि बोर्डही. पण चांगला उपाय हवा तर विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सीपीयूसाठी एक कर्व्ह, कार्डसाठी दुसरा, आणि तिसरा मिक्स, म्हणजे दोघांपैकी ज्याची मागणी जास्त असेल ती ऐकायची. अर्धा तास लागतो शिकायला. मी आधी कंटाळा केला होता, आता ते नसेल तर चुकल्यासारखं होतं. लिनक्सवाल्यांना एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल याच नावाची एक जुनी स्क्रिप्ट असते, दोन्हींचं नाव सारखं पण एकमेकांशी नातं काही नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं तर काय म्हणून बायोसमध्ये सुद्धा एक बरा कर्व्ह ठेवाच.

## फॅन कमी केला तर पीसी जळेल ना?

नाही. चिप स्वतःला सांभाळते. इंटेलच्या बऱ्याच सीपीयूंची वरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच चिप तर पूर्ण कामात ९५ पर्यंत जाणारच असं धरून बनवल्यात. मर्यादा गाठली की चिप आपला वेग कमी करते, तरी भागलं नाही तर पीसी बंद होतो. म्हणजे नुकसान झालं तर आधी स्पीडचं होईल.

पण माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही, स्वतः बघा. आधीच्या सेटिंगवर अर्धा तास तुमचं सगळ्यात जड काम करा आणि टेंपरेचर लिहून ठेवा, मग नवीन सेटिंगवर तेच काम, तेवढाच वेळ, पंखा-एसी तसाच ठेवून. माझ्याकडे कॅबिनेट फॅन १३०० वरून ८०० आरपीएमवर आणले तेव्हा सीपीयू चार अंशांनी वाढला. चार अंशांसाठी मी रोज विमानतळावर बसत होतो! तुमच्याकडे वाढ दहा-बारा अंशांची निघाली तर मात्र थांबा, कुठेतरी हवा अडतेय.

ती कुठे अडतेय ते बघायची सोपी युक्ती: बाजूचं झाकण काढून तेच काम परत करा. टेंपरेचर एकदम खूप पडलं तर पुढची ती सुंदर काच गुन्हेगार आहे, फॅन काचेला नाक लावून बसलेत आणि हवा फटीतून ओढतायत. झाकण कायमचं उघडं ठेवायचा सल्ला मात्र ऐकू नका, आपल्याकडची धूळ बघता दोन महिन्यांत आत शेती करता येईल.

## डिसेंबरमध्ये छान होतं, मे महिन्यात परत बोंबाबोंब

हा प्रश्न नागपुरात नाही विचारला तर कुठे विचारणार. फॅन कितीही फिरवा, तो आत खोलीतलीच हवा ढकलतो, खोलीपेक्षा थंड काही तो करू शकत नाही. हिवाळ्यात खोली २२ अंश आणि सीपीयू ५५ असेल तर फरक ३३ चा, आणि तोच फरक साधारण तसाच राहतो. मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत ३८ असताना तोच सीपीयू तेच काम करताना ७१ दाखवेल. कर्व्ह मात्र फरक बघत नाही, नुसता आकडा बघतो, त्याला वाटतं संकट आलं. म्हणून उन्हाळ्यात सगळे ठिपके आठ-दहा अंश उजवीकडे सरकवायचे, आणि पावसाळा लागला की परत मागे. मी तर दोन प्रोफाइलच सेव्ह करून ठेवलेत.

कूलरसमोर पीसी ठेवायचा मोह आवरा. खसची ओली हवा, बारीक तुषार आणि विजेचं सर्किट, यांची गाठ घालू नका.

## माझ्या बायोसमध्ये तर काही केलं तरी स्पीड बदलत नाही

मग फॅनची वायर कुठे गेलीये ते बघा. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे दिव्यांचे फॅन बऱ्याचदा मदरबोर्डला जोडलेलेच नसतात, मोठ्या चार पिनच्या जाड सॉकेटने थेट पॉवर सप्लायला लावलेले असतात, त्यालाच मोलेक्स म्हणतात. पिवळी वायर, १२ व्होल्ट, कायम. जसं की रेग्युलेटर न लावता थेट बटणावर दिलेला पंखा. असेंबल करणाऱ्याला हे सोपं पडतं, त्याची पाच मिनिटं वाचतात, आणि आपण पुढची पाच वर्षं ऐकतो.

फॅनला मोलेक्ससोबत तीन पिनचं टोकही असेल (असतं कधी कधी, बांधून लपवलेलं) तर नशीब, मोलेक्स काढा आणि ते हेडरवर लावा. दोन्ही एकदम लावू नका. हेडर कमी पडले तर स्प्लिटर मिळतो, एका हेडरवर दोन-तीन फॅन चालतात, कारण साधारण हेडर १ अँपिअरपर्यंत देतो आणि साधा फॅन ०.१ ते ०.३ खातो, पण फॅनच्या स्टिकरवरचा आकडा वाचून बेरीज करा, दिव्यांची वेगळी असेल तर वेगळी. सहा फॅन असतील तर सरळ पॉवर सप्लायमधून वीज घेणारा हब घ्या, जो मदरबोर्डकडून फक्त निरोप घेतो.

निव्वळ मोलेक्सच असेल तर एक छोटी वायर मिळते जिच्यात रेझिस्टर असतो, स्पीड कायमचा कमी होतो. जुने जाणते लोक पिवळी आणि लाल वायर वापरून १२ आणि ५ मधला फरक, म्हणजे ७ व्होल्ट काढायचा जुगाड सांगतील. चालतो तो, पण चुकला तर महागात पडतो, नकोच. त्यापेक्षा मागचा एक आणि पुढचे दोन असे तीन साधे पीडब्ल्यूएम फॅन घ्या, दिव्यांचे बाकीचे बंद ठेवा. हो, इथे शेवटी फॅन बदलायलाच सांगतोय मी, पण आता कारण माहितीये.

## सगळं केलं, तरी आवाज येतो

मग तो आवाज हवेचा नाही. कान लावून ऐका. हवेचा आवाज सूंऽऽ असा असतो आणि स्पीडबरोबर सरळ वाढतो. टिक-टिक-टिक असेल तर एखादी वायर पात्याला लागतेय. खरखर, आणि तीही सकाळी थंड असताना जास्त, तर बेअरिंग गेलंय. फॅनचा स्पीड बदलूनही बारीक, कर्कश चीं तशीच येत असेल तर ते बहुतेक ग्राफिक्स कार्डाच्या किंवा पॉवर सप्लायच्या कॉइलचं, फॅनचा काही संबंध नाही. कोणता फॅन ते कळत नसेल तर झाकण काढून कॅबिनेट फॅनच्या मधोमध जो फिरणारा गोल भाग असतो त्यावर बोट हलकेच टेकवा, फॅन क्षणभर थांबेल, आवाज थांबला तर हाच. पात्यांना बोट लावायचं नाही, आणि पॉवर सप्लायच्या फॅनच्या वाटेला तर जायचंच नाही.

घुमल्यासारखा हंऽऽ आवाज एका ठरावीक स्पीडलाच येत असेल तर कॅबिनेटचा पत्रा त्या स्पीडला साथ देतोय. तेवढा पट्टा टाळायचा, समजा ९०० ते १००० ला घुमतं तर कर्व्हमध्ये ८५० वरून तीव्र चढण देऊन सरळ १०५० वर न्या. स्क्रूच्या जागी रबराच्या खुंट्या मिळतात, त्यांनीही बराच फरक पडतो.

आणि एक आवाज असा आहे जो गाणं शिकलेल्यांना लगेच ओळखू येतो: वाँव... वाँव... वाँव. तानपुऱ्याच्या दोन जोडीच्या तारा जवळजवळ सुरात असल्या पण पूर्ण जुळलेल्या नसल्या की अशीच लाट येते. दोन फॅन, सात-सात पात्यांचे, एक १००० आरपीएमवर आणि दुसरा १०२० वर, तर पहिल्याचा सूर सेकंदाला ११६.७ कंपनांचा आणि दुसऱ्याचा ११९ चा, दोघांतला फरक सव्वादोनच्या आसपास, म्हणून सेकंदाला दोनेक लाटा. एकसारखे फॅन एकाच टक्क्यावर ठेवले की हे हमखास होतं, कारण कारखान्यातून कोणतेही दोन फॅन तंतोतंत सारखे निघत नाहीत. तानपुऱ्याच्या तारा जुळवतो, इथे उलटं करायचं, बेसूर करायचं. एकाला ३५ टक्के, दुसऱ्याला ४२. माझ्याकडे पुढच्या दोन फॅनचं हेच होतं आणि हे शोधायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

धुळीचं वेगळं सांगायला नको, फक्त ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन त्याच्या औकातीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

## वॉटर कूलिंग घेतलं तर सुटका?

नाही. पाणी फक्त उष्णता चिपपासून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे परत फॅनच लागतो, आणि वर पंपाचा आवाज वेगळा. एक फायदा आहे, पाणी हळू तापतं, त्यामुळे पाण्याच्या टेंपरेचरवर कर्व्ह लावता आला तर फोडणीचा प्रश्नच येत नाही. पण निव्वळ आवाजासाठी एवढे पैसे घालायच्या आधी वरचं सगळं एकदा करून बघा.

आणि हो, कर्व्ह मनासारखा जमला की बायोसच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं किंवा बोर्डावरचा बटण सेल संपला की सगळं जिथून सुरू झालं तिथे परत जातं. माझं मागच्या महिन्यात गेलं, आणि मला कळायच्या आत बाबा उठून टाकीचं बटण बघून आले होते.